गिनीचे सूप आणि रिकामे किनारे : हिरव्या कासवाची चारशे वर्षांची कहाणी

#थ्रेड #इतिहास

१/२४
इसवी सन १८६१. लंडनमध्ये इझाबेला बीटन यांचे गृहव्यवस्थापनावरील गाजलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात कासवाच्या सूपची कृती आहे आणि तिच्या जोडीला एक शेराही आहे. मेजावर येणारे हे सर्वांत महाग सूप असून लिटरभराहून थोड्या अधिक सूपला एक गिनी पडते, असे त्या सांगतात. गिनी म्हणजे २१ शिलिंग. त्याच पुस्तकात घरातील सर्व कामे करणाऱ्या मोलकरणीचे वार्षिक वेतन ९ ते १४ पौंड दिले आहे. म्हणजे एका भांडेभर सूपची किंमत तिच्या सुमारे महिनाभराच्या कमाईइतकी होती.

२/२४
गंमत अशी की, याच्या दोनशे वर्षे आधी हेच कासव गोरगरिबांचे अन्न होते. जमैकातील सैनिक, खलाशी आणि बंदरावरील कष्टकरी ते रोज खात. सैनिकाच्या थाळीतून ते लंडनच्या महापौरांच्या मेजवानीत कसे पोहोचले? या प्रवासात कॅरिबियन समुद्राचे किनारे कसे रिकामे झाले? आणि या नाशाचा दोष नेमका कोणाच्या पदरी घालायचा? मित्रहो, या तीन प्रश्नांचा मागोवा आज घेऊ.

३/२४
प्रथम प्राण्याची ओळख. हिरवे समुद्री कासव, शास्त्रीय नाव केलोनिया मायडास. त्याचे कवच तपकिरी-करडे असते. ‘हिरवे’ हे विशेषण त्याच्या शरीरातील चरबीच्या रंगावरून आले आहे. प्राण्याचे नावच जणू खाटकाच्या सुरीने ठेवले! पूर्ण वाढलेले कासव शंभर ते दीडशे किलो किंवा त्याहूनही अधिक भरते. मोठेपणी ते प्रामुख्याने शाकाहारी असते आणि उथळ समुद्रातील गवतावर चरते. कवचालगतचा मऊ, चिकट भाग शिजवला की रस दाट होतो. सूपची सारी कीर्ती या भागावर उभी होती.

४/२४
१० मे १५०३. चौथ्या सफरीवर असलेल्या कोलंबसाला दोन लहान, सखल बेटे दिसली. बेटांवर आणि भोवतालच्या पाण्यात इतकी कासवे होती की, ती लहान लहान खडकांसारखी भासत होती, असे त्याचा पुत्र फर्डिनांड याच्या वृत्तान्तात आहे. कोलंबसाने बेटांना ‘लास तोर्तुगास’, म्हणजे ‘कासवे’, हेच नाव दिले. पुढे हा द्वीपसमूह केमन या नावाने ओळखला जाऊ लागला. मूळ नाव गेले. तीन शतकांनी ते नाव देण्याचे कारणही उरले नाही.

५/२४
त्या काळच्या दीर्घ सागरी प्रवासात ताजे मांस ही दुर्मीळ चीज होती. खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे यांवर महिनोन्‌महिने काढावे लागत. हिरवे कासव मात्र उताणे करून ठेवले आणि अधूनमधून त्यावर पाणी शिंपडले की, जहाजावर कित्येक आठवडे जिवंत राही. त्याला ना चारा लागे, ना पिंजरा. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांसाठी तो चालताबोलता कोठार होता. प्राण्याच्या बाजूने पाहिले तर हा गुण म्हणजे आठवडेच्या आठवडे लांबलेले मरण होते.

६/२४
१६५५ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून जमैका जिंकून घेतले. उपाशी आणि आजारी सैन्याला पोसण्यासाठी केमन बेटांकडे गलबते धाडली जाऊ लागली. १६८७ मध्ये हान्स स्लोन नावाचा वैद्य जमैकाला आला. पुढे याच स्लोनच्या संग्रहातून ब्रिटिश म्युझियमचा पाया रचला गेला. पोर्ट रॉयल बंदरातील सुमारे चाळीस गलबते कायम कासवे आणण्याच्या कामी असत, अशी नोंद त्याने केली आहे. एका बंदराची चाळीस गलबते, एकाच प्राण्यामागे!

७/२४
पकडण्याची रीत पाहिली की, ऱ्हासाचे बीज सापडते. वर्षातील बहुतेक काळ कासव समुद्रात असते. तेथे त्याला गाठणे कष्टाचे. विणीच्या हंगामात मात्र ते रात्री वाळूवर येते. दोन-तीन माणसांनी त्याला उलथून उताणे केले की काम संपले. सकाळी येऊन उचलून न्यावे. पण वाळूवर येते ती केवळ मादी, आणि तीही अंडी घालण्यासाठी. म्हणजे सर्वांत सोपी शिकार नेमकी तिची होती, जिच्यावर पुढची पिढी अवलंबून होती.

८/२४
त्यात निसर्गाचे घड्याळ संथ. हिरव्या कासवाला प्रजननक्षम व्हायला साधारण पंचवीस ते पस्तीस वर्षे लागतात, कधी त्याहूनही अधिक. मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते, एका हंगामात अनेक खेपा करते आणि नंतर दोन ते चार वर्षे विसावते. हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते. आज किनाऱ्यावरच्या साऱ्या माद्या मारल्या, तरी पूर्वी जन्मलेली पिल्ले मोठी होऊन पुढची वीस-तीस वर्षे येतच राहतात. नुकसान आजोबा करतात आणि रिकामा किनारा नातवाला दिसतो.

९/२४
‘त्या काळी लोकांना हे कळत नव्हते’ असे आपण सहज म्हणतो. पण पुरावा निराळेच सांगतो. उत्तर अटलांटिकमधील बर्म्युडा बेटावर इंग्रज वसाहत १६१२ मध्ये स्थापन झाली. अवघ्या आठ वर्षांत, १६२० मध्ये, तेथील पहिल्याच विधिमंडळाने कोवळ्या कासवांच्या हत्येविरुद्ध कायदा केला. अठरा इंचांहून कमी रुंदीचे कासव मारल्यास पंधरा पौंड तंबाखूचा दंड. त्यातील निम्मा सार्वजनिक कामाला आणि निम्मा खबर देणाऱ्याला. कासवे झपाट्याने घटत आहेत, हे त्या लोकांना स्पष्ट दिसत होते.

१०/२४
वन्यजीव-रक्षणाच्या इतिहासात या कायद्याला मानाचे स्थान आहे. तरीही त्यात एक मूलभूत चूक होती. त्याने लहान कासवांना अभय दिले आणि मोठ्यांना सुरीखाली मोकळे सोडले. लहान पिल्लांतील बहुतेक तशीही जगत नाहीत. पंचवीस-तीस वर्षे सारी संकटे पार करून आलेली मादी हीच खरी ठेव. मुद्दल खर्चायचे आणि व्याजाची सुटी नाणी जपायची, असा हा हिशेब झाला. यथावकाश बर्म्युडाच्या किनाऱ्यावरील वीण पूर्णपणे थांबली.

११/२४
केमनमध्येही तेच घडले. तेथील खलाशी पिढ्यान्‌पिढ्या कासवांवर जगत आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांना आपला किनारा सोडून क्यूबाच्या दक्षिणेस जावे लागले. तेथील साठा आटला तेव्हा त्यांची जहाजे निकाराग्वापुढील मिस्किटो बेटांकडे वळली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाजाराला एक समुद्र संपल्याची झळ लागत नव्हती. जहाजे पुढे सरकत आणि माल येत राही. झळ लागे ती मागे उरलेल्या किनाऱ्याला.

१२/२४
आता लंडनकडे येऊ. अठराव्या शतकाच्या मध्यास जिवंत कासवे इंग्लंडला पोहोचू लागली आणि बघता बघता ‘टर्टल’ हा प्रतिष्ठेचा पदार्थ झाला. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे चालवून गबर झालेला वर्ग मायदेशी परतत होता. त्यांच्या श्रीमंतीची ही खूण ठरली. शहराच्या महापौरांच्या मेजवानीत कासवाचे सूप हा जणू विधीच बनला. साम्राज्य किती दूरवर पसरले आहे, हे नकाशावर दाखवण्याऐवजी वाडग्यात दाखवले जात होते.

१३/२४
लंडनच्या कॉर्नहिल भागातील सॅम्युअल बर्च हा मिठाईवाला कासवाच्या सूपसाठी नावाजलेला होता. १८१४ मध्ये तो स्वतःच लॉर्ड मेयर झाला. ज्यांना अस्सल सूप परवडत नसे, त्यांच्यासाठी वासराच्या डोक्याचे ‘मॉक टर्टल’ सूप निघाले. १८६५ च्या ‘ॲलिस’च्या कथेत मॉक टर्टल नावाचे पात्र आहे. चित्रकार टेनियलने त्याला कासवाचे अंग आणि वासराचे डोके दिले, ते या सूपवरील विनोद म्हणून. अस्सल पदार्थाची ओढ एवढी होती की, त्याच्या नकलेचीही पाककृती रूढ झाली.

१४/२४
या साऱ्यात दोन ठिकाणे दिसतात : एक जेथे खाल्ले जाते आणि दुसरे जेथे संपते. जमैकाच्या सैनिकाला निदान कासव कोठून येते हे ठाऊक होते. लंडनच्या पाहुण्याला त्याची गरजच नव्हती. त्याच्या दृष्टीने कासव दुर्मीळ होणे म्हणजे केवळ भाव वाढणे, आणि भाव वाढला की पदार्थाचा मान वाढे. टंचाईने मागणी घटेल हा नेहमीचा ठोकताळा येथे उलटा पडला. जी गोष्ट खाण्यात मोठेपणा आहे, ती संपत आली की अधिकच हवीशी होते.

१५/२४
आगबोटी आल्या तशी वाहतूक सोपी झाली. डबाबंद करण्याच्या तंत्राने उरलीसुरली मर्यादाही गेली. फ्लोरिडातील की वेस्ट बंदरात खुंट रोवून केलेल्या कोंडवाड्यांत शेकडो कासवे ठेवली जात आणि शेजारच्या कारखान्यात त्यांचे सूप डब्यांत भरले जाई. त्यांतील बहुतेक कासवे केमनचे खलाशी मिस्किटो बेटांवरून आणत. आता जिवंत प्राणी दूरवर नेण्याचीही गरज उरली नव्हती. पत्र्याच्या डब्यातून किनारा दिसत नाही.

१६/२४
विसाव्या शतकाच्या मध्यास आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने कॅरिबियन किनारे पालथे घातले. १९५६ मध्ये त्यांचे ‘द विंडवर्ड रोड’ हे पुस्तक आले. ते वाचून भारावलेल्या काही मंडळींनी १९५९ मध्ये ‘ब्रदरहूड ऑफ द ग्रीन टर्टल’ ही संस्था स्थापन केली. कोस्टारिकातील तोर्तुगेरो हा विणीचा मोठा किनारा त्यांनी अभ्यासासाठी निवडला. मादीला धातूचा बिल्ला लावायचा आणि ती पुढे कोठे सापडते ते पाहायचे, अशी साधी पद्धत होती.

१७/२४
बिल्ले परत येऊ लागले ते प्रामुख्याने निकाराग्वाच्या मिस्किटो किनाऱ्यावरून. तोर्तुगेरोत जन्मलेली कासवे तेथील सागरी गवतावर चरत होती आणि मिस्किटो लोकांच्या भाल्याला बळी पडत होती. मग दोषी मिस्किटोच? १९६० च्या दशकाच्या अखेरीस भूगोलतज्ज्ञ बर्नार्ड नीचमन या लोकांत राहिले. त्यांना आढळले की, कासव हे तेथे केवळ अन्न नव्हते. शिकार आली की मांस आप्तांत वाटले जाई. म्हातारे, विधवा, आजारी यांचा वाटा ठरलेला असे. वाटण्यापुरते मिळाले की शिकार थांबे.

१८/२४
त्याच सुमारास या किनाऱ्यावर कासवे विकत घेणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांनी शिकाऱ्यांना पीठ, साखर, इतर सामान उधारीवर दिले. फेड कासवांनी करायची. आता एकेक कासव म्हणजे रोकड. वाटावे तर उधारी फिटत नाही, विकावे तर नातेवाईक उपाशी. शिकार अनेक पटींनी वाढली आणि गावात मांस मात्र कमी झाले. ज्या म्हातारीला पूर्वी न मागता वाटा मिळे, तिला आता पैसे मोजावे लागत. कासवाबरोबर माणसामाणसांतले देणेघेणेही आटत चालले होते.

१९/२४
या प्रसंगाकडे नीतीच्या दृष्टीने पाहू. तोर्तुगेरोच्या वाळूवर जपलेली मादी चारशे-पाचशे किलोमीटर उत्तरेस मारली जात होती. पण तिचे मांस आणि तेल कोणत्या दूरच्या मेजावर जात होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा. मिस्किटोला ‘खाऊ नकोस’ असे सांगणे सोपे होते. ज्याच्यापाशी शंभर पर्याय आहेत, त्याला सूप सोडायला सांगणे मात्र तीनशे वर्षे कोणाला जमले नव्हते. संयमाचा पहिला भार त्याने उचलावा, ज्याला तो उचलल्याने उपाशी राहावे लागत नाही.

२०/२४
इतिहासाने अखेर तोच मार्ग धरला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘सायटीस’ करार १९७३ मध्ये झाला आणि १ जुलै १९७५ रोजी अमलात आला. समुद्री कासवे त्याच्या सर्वांत कडक अनुसूचीत गेली. निकाराग्वा १९७७ मध्ये या करारात आला आणि किनाऱ्यावरच्या कंपन्या बंद झाल्या. श्रीमंत देशांच्या बाजारपेठेची दारे मिटली. मिस्किटो गावांतील शिकार मात्र थांबली नाही. नंतरही स्थानिक बाजारासाठी दरवर्षी हजारो कासवे मारली गेली. म्हणून ‘स्थानिक असेल ते सारे निर्दोष’ असा भाबडा निष्कर्षही टिकत नाही. गावाच्या गरजेलाही कासवाचे संथ घड्याळ पाहावेच लागते.

२१/२४
मग पाळून खावे काय? केमनमध्ये १९६८ मध्ये कासवांचे व्यापारी संगोपन सुरू झाले. आरंभीची अंडी आणि कासवे रानातूनच आणली होती. १९७८ नंतर अमेरिकेची बाजारपेठ बंद झाली, तरी स्थानिकांसाठी मांसविक्री चालू राहिली. टीकाकार म्हणतात की, दाटीने कोंडलेल्या प्राण्यांचे हाल होतात आणि चवही जिवंत राहते. समर्थक म्हणतात की, रानातील कासवे वाचतात. यात आणखी एक गोष्ट जमेस धरावी : केमनच्या वाळूवर आज पुन्हा अंडी घालणाऱ्या बहुतेक माद्या याच केंद्रातून सोडलेल्या कासवांशी नात्याने जोडलेल्या आहेत, असे आनुवंशिक चाचण्यांत दिसले. दोन्ही पक्षांपाशी सत्याचा अंश आहे.

२२/२४
किनारे भरू शकतात, हेही याच इतिहासाने दाखवले. दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन बेटावर ब्रिटिश आरमार शतकभर कासवे डबक्यांत साठवून खात आले. ती दगडी डबकी आजही आहेत. कत्तल थांबल्यावर, १९७० च्या दशकापासून तेथील घरट्यांची संख्या सुमारे सहापट झाली. बर्म्युडात २०१५ मध्ये, जवळजवळ शतकानंतर, हिरव्या कासवाचे घरटे आढळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाने या प्रजातीला ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून ‘किमान चिंता’ वर्गात ठेवले. तरी ही सरासरी जगाची आहे. प्रत्येक किनाऱ्याची नव्हे.

२३/२४
हे सारे परक्यांचे पाप, असे मात्र समजू नये. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भक्ष्य मानलेल्या पंचनखी प्राण्यांत कूर्म आहे; रामायणातील वालीच्या तोंडीही तशीच यादी आहे. त्याच परंपरेत कूर्म हा विष्णूचा अवतार, आणि आपल्या देवळांत नंदीपुढे दगडी कासव. पूजा आणि भोजन शेजारी शेजारी नांदले. कोकणच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवाची अंडीही अशीच उकरून खाल्ली व विकली जात. नाना फडणविसांचे गाव म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि ग्रामस्थ यांनी ती राखायला सुरुवात केली. किनारा ज्यांच्या डोळ्यांसमोर होता, त्यांनीच तो वाचवला.

२४/२४
तेव्हा ‘कासव खाणे पाप की नाही?’ हा प्रश्न इतिहासापुढे अपुरा ठरतो. कोण खातो, कोणाच्या किनाऱ्यावरचे खातो, त्याला पर्याय आहे काय आणि संपल्याची किंमत कोण मोजतो, हे चार प्रश्न एकत्र विचारावे लागतात. बर्म्युडाच्या वसाहतवाल्यांना १६२० मध्ये ऱ्हास दिसला होता. त्यांना कासवाचे वय ठाऊक नव्हते. आपल्याला दोन्ही ठाऊक आहे. आज वाळूतून निघालेली मादी पुन्हा त्या किनाऱ्यावर येईल तेव्हा हा धागा वाचणारे तरुण पन्नाशीला टेकलेले असतील. ती येण्याजोगी वाळू तेथे असावी, एवढे तरी आपल्या पिढीच्या हाती आहे.

धागा समाप्त. कासवांविषयीच्या जुन्या नोंदी, कोरीव शिल्पे किंवा किनाऱ्यावरील गावांच्या आठवणी आपल्यापाशी असतील, तर खाली अवश्य लिहा.